लूत : एक नाव, अनेक दुखणी

कात्रज चौकातून जुन्या घाटाच्या दिशेनं निघालं, की रस्त्याच्या कडेला गॅरेजं, टायरवाले आणि चहाच्या टपऱ्या लागतात. अशाच एका गॅरेजात एक तांबूस रंगाची गावठी कुत्री राहत होती. सगळे तिला राणी म्हणत. पावसाळा संपता संपता राणी खाजवू लागली. आधी तिच्या कानांच्या कडांचे केस गेले, मग कोपरांचे, मग पोटाचे. दिवाळीपर्यंत तिची कातडी राखाडी, जाड आणि सुरकुतलेली दिसू लागली. "लूत लागली," असं म्हणून गॅरेजमधल्या मंडळींनी गावोगाव चालत आलेला उपाय केला. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल तिच्या अंगावर ओतलं.

राणीला गुण आला नाही. पण समोरच्या टपरीवर चार-पाच महिन्यांचं एक पिल्लू होतं. त्याच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायावर केस गेलेले गोल चट्टे पडले होते. त्यालाही तेच ऑइल लावलं गेलं आणि दोन महिन्यांत त्याचे केस परत आले. "बघा साहेब, ऑइल चांगलंच आहे. हिलाच कमी पडलं," असं गॅरेजच्या मालकांनी आम्हांला सांगितलं.

त्याच सुमारास जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आमच्याकडे आल्या. गॅरेजमालकांचा मुलगा त्यांच्या सहावीच्या वर्गात होता. त्याच्या हातांवर आणि पोटावर खाजणारे लाल पुरळ उठले होते. दुसऱ्या पालकांनी त्याला वेगळं बसवायची मागणी केली होती, आणि कुत्रीला घाटापलीकडे नेऊन सोडायचं घाटत होतं. बाईंचे प्रश्न तीन होते. एकच ऑइल एकाला लागू पडलं आणि दुसरीला का नाही? कुत्र्याची लूत माणसाला लागते का? आणि कुत्रीला लांब सोडून दिल्यानं प्रश्न सुटेल का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं शोधताना आम्हांला जे कळलं, ते इथे मांडत आहोत.

लूत हा रोग नव्हे, लक्षण आहे

'लूत' या शब्दाचा उपयोग आपण 'ताप' या शब्दासारखा करतो. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, साध्या सर्दीचाही असतो. तसंच कुत्र्याचे केस जाऊन कातडी खराब झाली, की आपण लूत म्हणतो. पण त्यामागची कारणं निरनिराळी असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा नाजूक असते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण दहा ते पंधरा थर असतात, कुत्र्याच्या केसाळ भागातल्या बाह्यत्वचेत जिवंत पेशींचे तीन ते पाचच. संरक्षणाचं मोठं काम त्याचे केस करतात. आपली त्वचा बरीच आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनतेच्या जवळ असते. म्हणूनच आपला साबण किंवा शांपू त्याला चालेलच असं नाही.

केस जाण्याचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे खाजवून, चावून, चाटून केस तुटणं. दुसरा म्हणजे केस ज्या खळगीत उगवतो ती केशपुटिकाच बिघडणं. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो असा : खाज आधी आली, की केस आधी गेले? राणीच्या बाबतीत खाज आधी होती. टपरीवरचं पिल्लू मात्र खाजवताना कुणी फारसं पाहिलंच नव्हतं. या एका फरकात अर्धं निदान दडलेलं आहे.

दोन जीव, दोन स्वभाव

लुतीला कारणीभूत होणारे दोन प्रमुख जीव कीटक नाहीत. पूर्ण वाढ झाल्यावर त्यांना आठ पाय असतात. कोळी आणि गोचीड यांचे ते भाऊबंद. त्यांना माइट म्हणतात.

पहिला सारकॉप्टिस. याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती बाह्यत्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणत दिवसाला दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकते आणि वाटेत अंडी घालत जाते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, आणि अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो. बोगद्यात मादीची विष्ठा आणि लाळ साठते. शरीराची प्रतिकारयंत्रणा या परक्या पदार्थांविरुद्ध उठते, आणि त्यातून भयंकर खाज सुटते. म्हणजे ही खाज चावण्यापेक्षा अ‍ॅलर्जीची जास्त असते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला काही आठवडेही लागतात, कारण शरीराला हा शत्रू ओळखायला वेळ लागतो. एकदा ओळखला, की मोजके माइटसुद्धा कुत्र्याला रात्रभर जागं ठेवायला पुरतात. ही खरी खरूज. ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्यानं पसरते.

दुसरा डेमोडेक्स. हा लांबट, सिगारच्या आकाराचा. तो केशपुटिकेत राहतो. गंमत अशी, की थोड्या संख्येनं तो निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही असतो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध पिताना तो आईकडून पिल्लाकडे जातो. प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते. पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असेल, किंवा मोठ्या कुत्र्याची एखाद्या आजारानं ढासळली असेल, तर डेमोडेक्सची संख्या वाढते, केशपुटिका भरून जातात आणि केस गळतात. जंतूंचा दुसरा संसर्ग झाला नाही, तर खाज फारशी नसते. तो एका मोठ्या कुत्र्याकडून दुसऱ्याला लागत नाही.

सारकॉप्टिसचा इतिहास शिक्षकांनी वर्गात सांगावा असा आहे. १६८७ मध्ये इटलीतल्या जोव्हान्नी कोझिमो बोनोमो या वैद्यानं चेस्तोनी या औषधविक्रेत्याच्या मदतीनं सूक्ष्मदर्शकाखाली हा जीव पाहून, तोच खरजेचं कारण आहे असं फ्रान्चेस्को रेडीला पत्रानं कळवलं. गोरगरीब बायका आपल्या मुलांच्या कातडीतून सुईनं काहीतरी बारीक टोकरून काढतात, हे पाहून त्याला शोधाची दिशा मिळाली होती. विद्वानांनी मात्र हे फारसं मनावर घेतलं नाही. खरूज रक्तदोषानं होते, असंच ते मानत राहिले. अखेर १८३४ मध्ये पॅरिसमध्ये रनूची नावाच्या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्यानं, आपल्या गावच्या बायका करत तसंच सुईनं माइट काढून सर्वांसमोर दाखवला, तेव्हा वाद मिटला. गावातल्या बायकांना जे ठाऊक होतं, ते मान्य करायला वैद्यकाला दीडशे वर्षं लागली.

केस कुठले गेले, ते पाहा

पशुवैद्य कुत्र्याच्या अंगाकडे नकाशासारखं पाहतात. कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांच्या टाचा आणि पोट इथून सुरुवात झाली असेल, तर संशय सारकॉप्टिसवर जातो. तोंड, डोळ्यांभोवतालचा भाग आणि पुढचे पाय असतील, तर डेमोडेक्सवर. शेपटीच्या बुंध्याजवळ आणि कमरेवर खाजवून केस गेले असतील, तर बहुधा पिसवा. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, आणि त्यांना थोड्याच चाव्यांनी बरेच दिवस खाज सुटते. पावलं, काखा आणि कानांचा आतला भाग वारंवार लाल होत असेल, तर परागकण, धूळ किंवा अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा विचार करावा लागतो. गोल, कोंडा सुटलेले, कडेनं पसरत जाणारे चट्टे असले तर नायटा असू शकतो. ती बुरशी असते. आणि मध्यमवयीन कुत्र्याच्या दोन्ही कुशींवरचे केस, खाज नसताना, सारख्याच प्रमाणात विरळ होत असतील, तर दोष कातडीत नसून थायरॉइडसारख्या ग्रंथीत असू शकतो.

नकाशानं संशय निर्माण होतो, खात्री होत नाही. खात्रीसाठी पात्याच्या बोथट कडेनं कातडी खरवडून ते खरवड तेलाच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डेमोडेक्स खोल असल्यानं किंचित रक्त झिरपेपर्यंत खरवडावं लागतं, पण तो सहसा सापडतो. सारकॉप्टिस मात्र हमखास हुलकावणी देतो, कारण मूळ संख्याच कमी असते. आम्ही राणीला आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांना दाखवलं, तेव्हा तिच्या पहिल्या खरवडात काहीच दिसलं नाही. त्यांनी तिच्या कानाची कड बोटांत धरून चोळली. लगेच तिचा मागचा पाय हवेत खाजवू लागला. ते म्हणाले, "सूक्ष्मदर्शकात दिसलं नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. आपण सारकॉप्टिस धरून उपचार करू. गुण आला तर निदान बरोबर."

विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं लक्षात ठेवावा असा हा धडा आहे. पुरावा सापडला नाही, यावरून वस्तू नाही असं ठरवण्याआधी, आपली शोधण्याची रीत किती चांगली आहे ते विचारायला हवं.

ऑइलनं गुण कसा आला?

आता टपरीवरच्या पिल्लाकडे वळू. त्याच विणीतलं दुसरं पिल्लू शेजारच्या एका सोसायटीतल्या कुटुंबानं पाळलं होतं. त्याच्याही डोळ्यांभोवती तसेच चट्टे होते. त्याच्या खरवडात डेमोडेक्स दिसला. पशुवैद्यांनी त्याला चांगला आहार आणि जंतांचं औषध द्यायला सांगितलं, आणि बाकी काही न करता लक्ष ठेवलं. त्याचेही केस दोन महिन्यांत परत आले.

पिल्लांमधला मोजक्या चट्ट्यांचा डेमोडेक्स बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. प्रतिकारशक्ती परिपक्व झाली, की ती माइटना पुन्हा आवरते. टपरीवरचं पिल्लू बरं झालं ते ऑइल लावल्यावर. पण ते ऑइलमुळे बरं झालं असं म्हणायला ऑइल न लावलेल्या पिल्लाशी तुलना हवी. ती योगायोगानं आपल्याला मिळाली. दोनच पिल्लांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरं. पण 'लावलं आणि बरं झालं' हा पुरावा किती तोकडा आहे, ते दाखवायला एवढं पुरे. घरगुती औषधांची कीर्ती पुष्कळदा अशाच आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारांवर उभी असते.

आणि ऑइलचा अपाय? इंजिनात जळलेल्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि बहुचक्रीय हायड्रोकार्बनं असतात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते पोटात जातं. चाटताना किंवा ओकताना फुप्फुसांत गेलं, तर न्यूमोनिया होऊ शकतो. आधीच सोललेल्या कातडीवर दाह होतो तो वेगळाच. रॉकेल आणि फिनेलचंही तेच. पूर्वी गॅमेक्सिनची पावडर सर्रास फासली जाई. त्या बी.एच.सी.वर भारतात १९९७ पासून बंदी आहे.

सगळेच जुने उपाय चुकीचे असतात असं मात्र नाही. गंधक खरोखरच माइट मारतं, आणि खरजेवर गंधकाचं मलम आजही वापरलं जातं. बोनोमोच्या काळच्या बायकांप्रमाणे इथेही लोकांचं निरीक्षण बरोबर निघालं. कुठला उपाय ठेवायचा आणि कुठला टाकायचा, हे तो जुना की नवा यावर ठरत नाही, तपासणीवर ठरतं.

उलट, नव्या दुकानातली वस्तूही घातक ठरू शकते. औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणून कुत्र्याला लावणारे पुष्कळ आहेत. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं खाज थांबते, कारण प्रतिकारयंत्रणा दबते. पण डेमोडेक्सला आवरून धरणारी तीच यंत्रणा असते. मग चट्टा अंगभर पसरतो.

औषध कसं काम करतं

जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांनी १९७० च्या दशकात इतो शहरातल्या कावाना भागातून, गोल्फच्या मैदानाजवळून, मातीचा नमुना घेतला. त्यातल्या एका जिवाणूपासून, अमेरिकेतल्या विल्यम कॅम्बेल यांच्या सहकार्यानं, आयव्हरमेक्टिन हे औषध तयार झालं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं, आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

माइटच्या चेतापेशींत क्लोराइड आयनांची दारं असतात. आयव्हरमेक्टिन ती उघडीच ठेवतं, चेतासंदेश थांबतात आणि माइट लुळा पडून मरतो. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही मिळतीजुळती दारं आहेत, पण रक्तातून मेंदूत शिरू पाहणारं हे औषध बाहेर फेकणारा एक प्रथिनाचा पंप तिथे पहारा देतो. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत या पंपाच्या जनुकात दोष असतो, हे २००१ मध्ये उघडकीला आलं. अशा कुत्र्याला मोठी मात्रा दिली, तर ते बेशुद्ध होऊन मरू शकतं. म्हणून गुरांसाठीचं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचणं हा जिवाशी खेळ आहे. या औषधानं अंडी मरत नाहीत, त्यामुळे ठरावीक अंतरानं ते पुन्हा द्यावं लागतं.

२०१४ च्या सुमारास फ्लुरालानेरसारखी गोळ्यांच्या रूपातली नवी औषधं आली. ती दुसऱ्या प्रकारची क्लोराइड-दारं बंद ठेवतात, चेतासंस्था अनावर उत्तेजित होते आणि माइट, पिसवा, गोचीड मरतात. एक औषध दार उघडं ठेवतं, दुसरं बंद ठेवतं, आणि दोन्हींनी माइट मरतो. यांचे विपरीत परिणामही आहेत. फेफऱ्याची प्रवृत्ती असलेल्या कुत्र्याला ती जपून द्यावी लागतात. घरात मांजर असेल तर आणखी एक सावधगिरी : कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनची औषधं मांजराचा जीव घेऊ शकतात, कारण मांजराच्या यकृताला ते द्रव्य नीट मोडता येत नाही.

मुलाचं काय, आणि घाटापलीकडे काय?

कुत्र्याचा सारकॉप्टिस माणसाच्या कातडीत शिरू शकतो आणि खाजणारे पुरळ उठवतो. पण माणसाच्या अंगावर त्याचं जीवनचक्र पुरं होत नाही. त्यामुळे कुत्र्यावर उपचार झाले, की माणसाची खाज काही आठवड्यांत आपोआप जाते. माणसाची खरूज वेगळ्या उपजातीमुळे होते आणि ती माणसाकडून माणसाला लागते. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरातल्या सगळ्यांनाच त्रास, अशी लक्षणं असतील, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. नायटाही कुत्र्याकडून मुलांना लागतो. त्या मुलाला डॉक्टरांनी तपासलं. त्याला माणसाची खरूज नव्हती. त्याला वेगळं बसवण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि बाईंनी ते वर्गात उघडपणे समजावून सांगितलं.

तिसरा प्रश्न सोडून देण्याचा. बोपदेव घाट किंवा दिवे घाट ओलांडला, की सासवड-जेजुरीकडची माळरानं लागतात. तिथे लांडगे, कोल्हे आणि खोकड राहतात. ही सगळी कुत्र्याच्याच कुळातली. सारकॉप्टिसला त्यांची कातडी चालते. १९७० नंतर स्वीडनमध्ये लाल खोकडांत ही खरूज पसरली, खोकड घटले, आणि त्यांचं भक्ष्य असलेले ससे वाढले. १९९४ मध्ये ती इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात पोहोचली आणि तिथले बहुतेक खोकड काही वर्षांत मेले. अमेरिकेत मोंटाना राज्यात तर १९०९ मध्ये लांडगे संपवण्यासाठी ही खरूज मुद्दाम सोडण्यात आली होती. तेव्हा आजारी कुत्रं माळावर सोडणं म्हणजे आपली पीडा दुसऱ्याच्या दारात टाकणं. शिवाय पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

वर्गात काय करता येईल

रस्त्यावरच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. कुणाला चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. पण लांबून पुष्कळ करता येतं. कुत्र्याची रेखाकृती काढून द्या. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचे केस कुठे गेले आहेत, ते मुलांना रंगवू द्या. दहा मिनिटांत ते किती वेळा खाजवतं, ते मोजू द्या. महिन्याभरानं त्याच नकाशावर फरक टिपू द्या.

घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचे केस विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल, तर डाग तांबूस होणार नाही. आणि डेमोडेक्स पाहायचाच असेल, तर कुत्रं हवंच असं नाही. त्याच्या मानवी उपजाती बहुतेक मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर राहतात. शिक्षकांनी रात्री नाकाच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टी लावून सकाळी ती काचपट्टीवर डकवावी आणि शंभरपट वर्धनाखाली पाहावी. एखादा सिगारसारखा जीव दिसला, तर घाबरू नका. तो तुमचा जुना भाडेकरू आहे.

राणीवर उपचार झाले. तिच्याबरोबर राहणाऱ्या आणखी दोन कुत्र्यांनाही औषध दिलं, कारण एकीलाच दिलं असतं तर लागण परत आली असती. ती झोपायची ती पोती जाळली. दहा दिवसांत तिचं खाजवणं कमी झालं, आणि संक्रांतीच्या सुमारास तिच्या कानांवर मऊ लव दिसू लागली. मुलाचे पुरळ त्याआधीच गेले होते. गॅरेजमालकांनी ऑइलचा डबा अजून ठेवलेला आहे. पण परवा त्यांच्या गल्लीत एक नवं लुतीचं पिल्लू आलं, तेव्हा त्यांनी आम्हांला फोन करून पहिला प्रश्न विचारला तो असा : "हे खाजवत नाही. मग डोळ्यांभोवतीचं आहे का, तेवढं बघून सांगू का?"